कुंभारणीच्या मागावर

श्रावणात धाटावच्या शिवारात हातात जाळं घेऊन उभा असलेला माणूस मासेच धरत असणार, याबद्दल इथं कुणाला शंका नसते. माझं जाळं पांढऱ्या मलमलीचं, बाळाच्या टोपड्यासारखं, पोकळ बांबूच्या टोकाला बसवलेलं. तरी बांधावरून जाणारी बाई थांबतेच. "काका, वलगन कवाच सरली. आता काय गावनार?" मी सांगतो, "गांधीलमाश्या." ती जरा वेळ माझ्याकडे बघते, घरच्यांचं ज्याच्याकडे लक्ष नाही अशा म्हाताऱ्याकडे बघावं तशी, आणि अगदी हळुवारपणे विचारते, "आनि खातात कशा?"

एका बाजूला औद्योगिक वसाहतीची धुराडी, दुसऱ्या बाजूला गुडघाभर भात, आणि पलीकडं कुंडलिका. इथला पाऊस निरोप घेऊन उंबऱ्यात तासभर बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखा. गेला म्हणावं तर परत बोलणं सुरू. मधेच वीस मिनिटांची उघडीप मिळते, आणि वाळवणं घेऊन अंगणात धावणाऱ्या बायकांसारख्या या बारीक कमरेच्या माश्या कुठून कुठून बाहेर पडतात. डबक्याच्या काठी बसून एकेक जण मोहरीएवढी चिखलाची गोळी वळते. मी जाळं उचलतो, तोवर चष्म्यावर वाफ धरते. पुसून डोळ्यांवर चढवतो तेव्हा समोर फक्त पाऊस असतो. माझ्या वहीत 'धाटाव, ओलं, काही नाही' अशा नोंदी इतक्या आहेत, की त्या काहीनाहीचाच आता संग्रह झाला आहे. चुकूनमाकून एखादी सापडली, तर टाचणीखालच्या चिठ्ठीवर तिच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह आणि पकडणाऱ्याचं नाव मात्र ठसठशीत.

या वेडाला थोर पूर्वज आहेत, एवढाच काय तो आधार. साताऱ्यात 1851 साली जन्मलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकन मुंबई इलाख्याच्या मीठ आणि जकात खात्यात नोकरी करी आणि लक्ष ठेवी ते घरादारातल्या किड्यामुंग्यांवर. मुंबईत 1883 साली नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठजणांत तो होता. पुढं 1897 साली बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. पेणच्या मिठागरांवरून जाताना मला नेहमी वाटतं, मिठाचा हिशेब ठेवता ठेवता माशीच्या पायांचे सांधे मोजणारा साहेब वरिष्ठांना कसा दिसत असेल? बहुधा त्या बांधावरच्या बाईला मी दिसतो तसाच.

माझं वेड मात्र साहेबाकडून आलेलं नाही. ते आजीकडून आलं. आमच्या देवघराच्या चौकटीवर कुंभारणीनं मातीचं घर केलं, तर त्याला केरसुणी लावायची आजीची छाती नव्हती. "घरात पाळणा हलणार," ती म्हणे, आणि सुनांकडे एकेक करून बघे. कुंभारीण अळीला कोंडून तिच्या कानाशी गुणगुणते आणि त्या ध्यासानं अळीचीच कुंभारीण होते, हेही तिनंच सांगितलं. संतांनी ध्यानाची महती सांगायला हाच दाखला वापरला. पुढं पुस्तकांत वाचलं, की अळी डंखानं लुळी पडलेली असते आणि शेजारच्या अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाची ती शिदोरी असते. मला वाईट वाटलं. पण संतांचं बघणं निम्मं तरी बरोबर होतंच: आत गेली ती अळी, बाहेर आली ती कुंभारीण. मधल्या अंधाराचा अर्थ त्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणं लावला, एवढंच.

तसंच उंबराचं. फार दिवसांनी आलेल्याला आपण "उंबराचं फूल झालास की रे" म्हणतो. ते फूल असतं, फळाच्या आत. तिळाहून लहान एक माशी अरुंद तोंडातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, आणि बहुधा ती आतच संपते. उंबराचं फूल बघण्याचं भाग्य तिचं. बाहेर येऊन सांगायची सोय तेवढी नाही. मी आपला चिलटांनी भरलेल्या उंबराखाली छत्री धरून, दोन्ही पंख शाबूत ठेवून, फूल बघू म्हणतो.

गेल्या आठवड्यात जाळं पडवीत टेकून ठेवलं होतं. परवा उचलायला गेलो, तर बांबूच्या पोकळ टोकाला ताजा चिखल, बोटानं लिंपल्यासारखा गुळगुळीत. आत एकामागे एक खोल्या असणार. प्रत्येकीत एक अंडं आणि त्याची शिदोरी. जिच्यासाठी मी शिवारं तुडवत होतो, ती माझ्याच हत्यारात बिऱ्हाड करून बसली होती. बायको म्हणाली, "आता या वयात कुणाचा पाळणा?" मी काही बोललो नाही. बांबू पाऊस लागणार नाही असा कोपऱ्यात सरकवला आणि रिकाम्या हातानं निघालो.

बांधावर ती बाई भेटलीच. "आज जालं नाय, काका?"

"नाही," मी म्हटलं, "जाळं बाळंतपणाला बसलंय."

तिनं या वेळी अजिबात आश्चर्य दाखवलं नाही. "मंग वाऱ्यात नका ठेवू," म्हणाली, आणि पुढं गेली.