अर्धा मिलिमीटर साग: होतकरू गृहस्थांसाठी सूचना

पॉलिशवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून "एवढ्यात तर मी स्वतः करीन" असे उद्गार ज्यांनी काढले आणि ते घरातल्यांनी ऐकले, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांचे उद्गार कुणी ऐकले नाहीत त्यांनी अजूनही माघार घ्यावी.

पाहुण्यांसमोर आपण ज्याला सागवानी कपाट म्हणतो, त्याच्या दारावर साग साधारण अर्धा मिलिमीटर असतो (यालाच व्हिनियर म्हणतात). खाली प्लायवुड असते. त्याविषयी पाहुण्यांशी बोलायचे नसते. अर्धा मिलिमीटर म्हणजे वहीची पाच-सहा पाने. त्यातही कारखान्यात एकदा घासाई झालेली असते. तेव्हा ८० नंबरचा पॉलिश पेपर घरात आणूच नये. शेजारी "माझ्याकडे घासायचे मशीन आहे, देऊ का?" असे विचारतील. शेजारधर्म सांभाळून नकार द्यावा. मशीन सपाटीवर बरे वागते आणि कडेला आले की पिसाळते. कोपऱ्यावर मळकट ठिपका दिसू लागला आणि "डाग आहे, अजून थोडे घासू" असे मनात आले, तर हात तिथेच थांबवावा. तो डाग नव्हे, प्लायवुड आहे. घासाल तसा तो वाढत जाईल.

पेपरला हात लावण्याआधी दार वाजवून घ्यावे. नखाने इंचाइंचावर टकटक करीत जावे. आवाज भरीव आला तर पुढे सरकावे, पोकळ आला तर तिथे फुगा आहे असे समजावे. फुग्यावर लाकडाच्या रेषांच्या दिशेने धारदार ब्लेडने बारीक चीर द्यावी, पातळ केलेला फेविकॉल आत सरकवावा, वर प्लॅस्टिकचा कागद टाकून दार आडवे ठेवावे आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा रात्रभर लादावा. जड अंक निवडावेत. जाहिरातींचा असा उपयोग होतो.

यानंतर गुन्हे अन्वेषण. कोऱ्या व्हिनियरवर फेविकॉलचा डाग दिसत नाही, तो पॉलिश चढल्यावर प्रकटतो. म्हणून फडके स्पिरिटमध्ये भिजवून एक हात फिरवावा (खिडक्या उघड्या, देवापुढचा दिवा विझलेला). लाकूड गडद होते, आणि पॉलिशनंतर ते कसे दिसेल याची झलक मिनिटभर मिळते. त्या मिनिटात सुतारमामांची पाचही बोटे फिकट ठशांच्या रूपाने समोर उभी राहतात. स्पिरिट उडण्याआधी भोवती पेन्सिलीने हलकी खूण करावी, सुकल्यावर तेवढीच जागा ब्लेडच्या धारेने अलगद खरवडावी. मामांना फोन करू नये. ते उचलणार नाहीत.

आता घासाई. १८० नंबर, मग २२०. पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांखाली चर पडतात. दिशा रेषांचीच. आडवा मारलेला एकच फटकारा आज दिसणार नाही, पण लाखेचा तिसरा हात बसला की समोरच्या भिंतीपासून दिसेल. ही लाख, म्हणजेच चपडा, पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यापासून मिळते. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन चालू आहे, तरी आपले चरे झाकण्याची बुद्धी तिला अद्याप आलेली नाही. चरे शोधण्यासाठी ट्यूबलाइट बंद करून दाराच्या पृष्ठभागालगत तिरका टॉर्च मारावा. घरातले लोक दारात उभे राहून बघतील. बघू द्यावे.

मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने एकदा पुसून लाकडाचे रेशे उभे करावेत आणि पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरने फक्त कुरवाळावेत. या टप्प्यावर दार इतके छान लागते की आणखी दहा मिनिटे घासावेसे वाटते. ती दहा मिनिटे चहा करण्यात घालवावीत.

सागाची छिद्रे उघडी असतात. ती भरायला खडूची भुकटी घ्यावी आणि तिच्यात पिवडी व गेरू मिसळून रंग लाकडाहून किंचित गडद करावा. नुसती पांढरी भुकटी भरलीत तर दाराला कायमचा कोंडा होईल. हे पाण्यात कालवून जाड्याभरड्या फडक्याने चोळावे, तेही आडवे. होय, आडवे. इतका वेळ जे पाप होते ते आता पुण्य आहे, कारण रेषेच्या दिशेने चोळले तर फडके भरलेला माल सोबत घेऊन जाते. वरचा थर वाळायच्या आत आडवाच पुसावा. वाळल्यावर ३२० नंबरचा शेवटचा हलका हात, आणि सगळी धूळ ब्रशने झाडावी.

तयारी इथे पूर्ण झाली. एव्हाना बहुधा जून उजाडलेला असतो. दमट हवेत स्पिरिट पॉलिशवर पांढरी झाक धरते, त्यामुळे प्रत्यक्ष पॉलिश दसऱ्यानंतर घ्यावे. तोवर दारावर जुनी चादर बांधावी आणि फोडणीचा हात तिथवर पोचणार नाही असे बघावे. गणपतीत पाहुणे चादरीकडे बोट दाखवतील. त्यांना "काम चालू आहे" एवढेच सांगून मोदक पुढे करावा.