दमाचा माणूस

हदगावात कबड्डीचे सर कुठं भेटतील असं विचारलं, की उत्तर येतं, "भांडण चालू असंल तिथं बघा." भांडण लावायला नव्हे, सोडवायला! गळ्यात शिट्टी, बोटांना फक्की, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली पोरंही सावधान उभी राहावीत.

सरांचं शास्त्र चढाईतून निघालं. चढाईला 30 सेकंद. तेवढा वेळ तोंडात 'कबड्डी'शिवाय शब्द नको. दम तुटला की पंच माघारी धाडतो आणि गुण समोरच्यांना. थोडक्यात, शिवी द्यायची तर आधी गुण द्या. हा शोध लागल्यापासून सरांची छडी माळ्यावर पडून आहे.

परवा 14 वर्षांखालच्या दोघांची जुंपली. एकानं पकड सोडली, दुसऱ्यानं त्याच्या घराण्याचा उद्धार केला. सरांनी दोघांना मध्यरेषेवर नाकासमोर नाक उभं केलं. "हां, भांडा आता. पण दमात!" दोघं लालबुंद होऊन एकमेकांवर 'कबड्डी कबड्डी' ओरडायले. शेवटी एकाला हसू फुटलं आणि दुसऱ्याचाही दम गेला. शिक्षा पुढंच होती: आठवडाभर बचावात शेजारी-शेजारी, हातात हात धरून साखळी.

2025 च्या महाराष्ट्र केसरीत अहिल्यानगरला एका मल्लानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. तो व्हिडिओ सर प्रत्येक नव्या पोराला दाखवतात. "निकाल चूक का बरोबर, ते मला इचारू नका. पंचाकडं कप्तानानं जायचं, हात मागं बांधून."

पालकांपुढं मात्र शास्त्र लंगडं पडतं. "माह्या पोराला कामून बसवलं?" म्हणत एक बाप मैदानात शिरला. त्यालाही सर म्हणाले, दमात बोला. त्यानं तंबाखू थुंकली, छाती भरून घेतली आणि सुरू झाला. 30 सेकंदांवर सरांनी शिट्टी मारली, गडी थांबेचना. असा चढाईपटू आपल्याला मिळाला नाही, ही हळहळ सरांना अजून आहे.

पोरं मात्र तयार झाली. तालुक्याला हरली तरी पंचाशी हुज्जत नाही. हात मिळवतात आणि भज्यांच्या गाड्याकडं पळतात.

सरांचा स्वतःचा चुलतभावाशी धुऱ्याचा वाद आहे. दोघंही दमाचे. पुढची तारीख सोयाबीन निघाल्यावर आहे.