बिऱ्हाड नवं, मुडदे जुनेच

रॉडनीचं काम एकच. कोण मेलं, कशानं मेलं आणि किती गुणांवर मेलं, हे चारचौघांत जाहीर करायचं. रॉडनी माणूस नव्हे, बॉट आहे. 'नेटहॅक' या खेळाच्या गप्पांच्या चॅनेलवर तो ठाण मांडून बसलेला असतो. खेळाच्या सार्वजनिक सर्व्हरवर जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून खेळणारा कुणी दगावला, की रॉडनीची ओळ चॅनेलवर उमटते. अमका लढाऊ मुंगीच्या चाव्यानं गेला. तमका खोगीर घातलेल्या तट्टावर चढताना घसरला आणि गेला. एकानं भिंतीला लाथ मारली, तो गेला. एक पोट तुडुंब भरलेलं असताना जेवतच राहिला आणि घास अडकून गेला. (शेवटचा प्रकार वाचून मराठी खेळाडूला लग्नाच्या पंगतीतला जिलबीचा आग्रह आठवला, तर त्याचा दोष नाही.)

नेटहॅक पहिल्यांदा आला १९८७ साली. चित्र नाही, संगीत नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि त्यांतला @ म्हणजे आपण. तळघराखाली तळघर उतरत जायचं, येंडॉरचा ताईत शोधायचा आणि तो घेऊन वर यायचं. मेलात तर मेलात. मागच्या वळणावरून पुन्हा सुरुवात करण्याची सोय नाही. वर्षानुवर्षं खेळूनही ताईत कधीच हाती न लागलेले लोक पुष्कळ आहेत आणि तेच चॅनेलवर सर्वांत जास्त बोलतात. क्रिकेटबद्दल बोलणाऱ्यांची रीत इथंही लागू आहे.

इतक्या वेळा सगळं गमावून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहिलेले हे लोक. चॅनेल एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर न्यायचं तर त्यांना ते सोपं जावं. २०२१ च्या मे महिन्यात ती वेळ आलीच.

हे चॅनेल तेव्हा 'फ्रीनोड'वर होतं. फ्रीनोड हे आयआरसी नेटवर्क. आयआरसी म्हणजे यार्को ओइकारिनेन या फिनलंडमधल्या तरुणानं औलू विद्यापीठात १९८८ च्या उन्हाळ्यात रचलेली गप्पांची पद्धत. व्हॉट्सॲपचे संस्थापक तेव्हा शाळकरी वयाचे होते. आयआरसीत एक कंपनी नसते. बरेच सर्व्हर एकमेकांना जोडून नेटवर्क बनतं, ती नेटवर्कं वेगवेगळे लोक चालवतात आणि बहुतेक जण फुकट चालवतात. फुकट काम करणाऱ्यांची भांडणं पगारी माणसांपेक्षा जास्त कडवट होतात, हे ज्यांनी गणेशोत्सव मंडळाचा हिशोब सांभाळला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

फ्रीनोडवर लिनक्सवाल्यांची, विकिपीडियावाल्यांची आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या हजारो प्रकल्पांची चॅनेलं होती. त्यांच्या शेजारी नेटहॅक आणि 'वेसनॉथ'सारखे खेळ नांदत होते. नेटवर्कच्या नावाची कंपनी मात्र २०१७ मध्ये अँड्र्यू ली या अमेरिकी उद्योजकाकडे गेली होती. या गृहस्थांची आणखी एक ओळख म्हणजे कोरियाच्या जुन्या राजघराण्यातल्या एका वंशजानं २०१८ मध्ये त्यांना युवराज घोषित केलं होतं. हे कल्पनेतून लिहिलं असतं, तर कुठल्याही संपादकानं अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

नेटवर्कवर हुकूम कुणाचा, यावरून स्वयंसेवक आणि ली यांच्यात ठिणगी पडली. स्वयंसेवकांचं म्हणणं, हा सरळ कब्जा आहे. लींचं म्हणणं, मालकी माझीच आहे. १९ मे २०२१ रोजी स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि त्याच दिवशी 'लिबेरा चॅट' हे नवं नेटवर्क उघडलं. त्यासाठी स्वीडनमध्ये ना-नफा संस्था नोंदवली. हौसिंग सोसायटीच्या कमिटीनं एके सकाळी वॉचमन, प्लंबर आणि लिफ्टवाल्यासकट राजीनामा द्यावा, रस्त्यापलीकडे तशीच्या तशी इमारत उभी करावी आणि फ्लॅटचे नंबरही तेच ठेवावेत, असा तो प्रकार होता. रहिवाशांनी फक्त रस्ता ओलांडायचा होता.

आयआरसीवर हा रस्ता ओलांडायला एक ओळ पुरते. सर्व्हरचा पत्ता बदला, पुन्हा जोडणी करा, झालं. आवरायला सामानही नसतं, कारण आयआरसीचा सर्व्हर जुनं बोलणं जपूनच ठेवत नाही. सांभाळायचं तर ज्याचं त्यानं आपल्या संगणकावर. म्हणजे दहा वर्षांच्या वादावादीचा एकही पुरावा सोबत नेण्याची गरज नाही. अशी सोय कुठल्या एकत्र कुटुंबाला मिळाली आहे?

तरी घोळ व्हायचा तो झालाच. पहिला घोळ नावांचा. जुन्या नेटवर्कवर पंधरा वर्षं मिरवलेलं टोपणनाव नव्या ठिकाणी आपोआप मिळत नाही. निकसर्व्ह नावाच्या सेवेकडे जाऊन ते नव्यानं नोंदवावं लागतं. जो आधी जाईल त्याचं नाव. त्यामुळे ज्यांनी महिनोन्महिने चॅनेलवर एक शब्द उच्चारला नव्हता, असे लोकही नोंदणीसाठी धावले.

दुसरा घोळ दोन्हीकडे पाय ठेवून उभ्या असलेल्यांचा. अशा काळात चॅनेलवाले दोन नेटवर्कांमध्ये निरोप्या बॉट बसवतात. इकडचं बोलणं तो तिकडे पोचवतो, तिकडचं इकडे. मग नवखा माणूस त्या निरोप्यालाच सदस्य समजून त्याच्याशी वाद घालू लागतो. निरोप्या काहीच मनावर घेत नाही, त्यामुळे चॅनेलवरचा सर्वांत समंजस सभासद म्हणून त्याची ख्याती होते.

तिसरा घोळ मात्र गमतीचा राहिला नाही. जुन्या चॅनेलच्या माथ्यावरच्या ओळीत, म्हणजे टॉपिकमध्ये, अनेकांनी 'आम्ही लिबेरावर गेलो आहोत' अशी पाटी लावली होती. २६ मे रोजी फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनानं, टॉपिकमध्ये लिबेराचा उल्लेख असलेली सुमारे ७०० चॅनेलं ताब्यात घेतली. कुंपणावर बसलेले बरेच लोक त्या दिवशी खाली उतरले. लिबेरानं हजार पत्रकं काढून जे साधलं नसतं, ते या एका कारवाईनं साधलं. पुढे जूनच्या मध्यावर फ्रीनोडनं नवी व्यवस्था सुरू करताना नावांच्या आणि चॅनेलांच्या जुन्या नोंदीच मागे टाकल्या. मग तिथं थांबण्याचं उरलंसुरलं कारणही संपलं.

नेटहॅकवाले लिबेरावर गेले आणि रॉडनीही गेला. मृत्यूच्या बातम्या पूर्वीसारख्या येऊ लागल्या.

चॅनेलवाल्यांनी भांडून किंवा कंटाळून नवं नेटवर्क गाठण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९९४ च्या जुलैत 'ईएफनेट' या आयआरसी नेटवर्कवरच्या स्टार ट्रेक चॅनेलची मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी स्वतःचं नेटवर्क काढलं. तेच डॅलनेट. सर्व्हर चालवणाऱ्याचं टोपणनाव डॅल्वेन्या; ते कादंबरीतल्या एका ड्रॅगनचं, म्हणून नेटवर्क डॅलचं. नऊ अक्षरांचं टोपणनाव पुरेना, म्हणून यांनी तीस अक्षरांची मुभा दिली. नावं चोरीला जाऊ नयेत म्हणून नोंदणीची सेवाही यांनीच रूढ केली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून 'एमआयआरसी' हे आयआरसीचं सॉफ्टवेअर उघडणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी गप्पांचा श्रीगणेशा केला तो याच डॅलनेटवर. अंतराळयानांच्या चाहत्यांनी बांधलेल्या घरात आपण 'वय काय, राहता कुठं' विचारत बसलो होतो, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९९७ मध्ये 'क्वेक' खेळणाऱ्यांनी क्वेकनेट काढलं. २००५ च्या सुमारास तिथं एका वेळी दोन लाखांहून जास्त माणसं असायची. काउंटर-स्ट्राइकच्या सामन्यासाठी पाचवा भिडू हवा असेल, तर युरोपातली पोरं तिथंच हाळी देत. खुद्द फ्रीनोडचं मूळही ईएफनेटवरच्या चार माणसांच्या लिनक्स मदतकक्षात. तो आधी अंडरनेट या दुसऱ्या नेटवर्कवर गेला आणि मग त्यानं स्वतःचं घर बांधलं. म्हणजे बिऱ्हाड हलवण्याची खोड जन्मजातच.

मोठं स्थलांतर झालं ते मात्र डिस्कॉर्डकडे. जेसन सिट्रनच्या कंपनीनं 'फेट्स फॉरेव्हर' हा खेळ काढला, तो चालला नाही. मग २०१५ मध्ये तिनं खेळणाऱ्यांसाठी डिस्कॉर्ड हे गप्पांचं साधन काढलं, ते धो धो चाललं. कचेऱ्यांत आज ज्यावर साहेबांचे निरोप येतात तो स्लॅकही असाच, २०१२ मध्ये बंद पडलेल्या 'ग्लिच' या खेळाच्या चमूनं घडवलेला. चॅनेलच्या नावाआधीचा हॅश दोघांनीही आयआरसीवरून उचलला. बुडालेल्या खेळांनी जगाला बोलतं ठेवलं आहे, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

डिस्कॉर्डवर चित्रं, आवाज आणि जुनं बोलणं, सगळं सापडतं. आयआरसीच्या एका ओळीला जागा ५१२ बाइटांची आणि त्यातही पत्ताबित्ता जातो. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे मराठी माणसाला जेमतेम दीडशे चिन्हांत मुद्दा संपवावा लागतो. हे बंधन आपल्याकडच्या काही सभांनाही लावायला हरकत नाही. पण डिस्कॉर्डचा मालक एकच आहे. उद्या त्याच्याशी बिनसलं, तर रस्त्यापलीकडे तीच इमारत उभी करता येणार नाही, कारण आराखडाच त्याच्या कपाटात आहे. आयआरसीचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे आणि या एका गोष्टीत म्हातारं तरुणाला भारी आहे.

ज्यांना हे म्हातारं बघायचं आहे, त्यांनी लिबेराच्या नेटहॅक चॅनेलवर जरूर जावं. फक्त आत शिरून 'कुणी आहे का?' असं विचारून पाच मिनिटांत निघून जाऊ नये. उत्तर हमखास येतं, पण कधी कधी दुसऱ्या दिवशी.