कॉफीचा राजवाडा

"वहिनी, आलात का लेकाकडून? रंग पार रापलाय हो!"

"रापणारच. ॲडलेडहून पाचशे किलोमीटर आत नेलंन् आम्हाला, ब्रोकन हिलला. नुसता लाल फुफाटा! चांदी, शिसं, जस्त यांची खाण. १८८३ साली चार्ल्स रास्प नावाच्या माणसाला तिथल्या टेकडीत ते खनिज सापडलं. कामधंदा काय त्याचा? मेंढ्यांच्या कुरणाचं कुंपण राखायचं."

"म्हणजे आपल्यासारखाच, कुंपणावरचा!"

"हो, पण आपल्या कुंपणावर कधी चांदी निघाली नाही. रस्त्यांची नावं तरी ऐका, सल्फाइड, ऑक्साइड, क्लोराइड! जेवायला गेलो ते पॅलेस हॉटेल अर्जेंट नि सल्फाइडच्या कोपऱ्यावर. तीन मजले आणि हे लांबलचक व्हरांडे. १८८९ साली बारा हजार पौंडांवर खर्च करून बांधलं, कशासाठी माहितीये? कॉफीसाठी!"

"कॉफीसाठी एवढा वाडा?"

"दारूविरोधी चळवळ होती ना तेव्हा. खाणीतून वर आलेला माणूस गुत्त्यात जाऊ नये, कॉफी पिऊन झोपावा. नावच कॉफी पॅलेस."

"आणि प्यायले कॉफी?"

"कसली डोंबलाची! दिवसभर शिशाची धूळ खाल्लेला माणूस कॉफीवर भागवतोय होय? १८९२ला मुकाट्यानं दारूचा परवाना काढला."

"अगो बाई! तीन वर्षांत?"

"पुढची गंमत तर भिंतींवर. १९७०च्या दशकात मारिओ चेलोत्तो नावाच्या इटालियन माणसानं हॉटेल घेतलं नि छतावर स्वतः बोत्तिचेल्लीची व्हीनस रंगवली."

"ती… कपडे नसलेली?"

"तीच. ह्यांची मान जी वर गेली ती खाली येईना. बाकीच्या भिंती गॉर्डन वे या आदिवासी चित्रकाराच्या. अट एकच, चित्रात पाणी हवं! बाहेर थेंब नाही, एके काळी गावाला आगगाडीनं पाणी पुरवलेलं, आणि जिन्यात बघावं तर धबधबे, तळी, नद्या."

"आपल्याकडे लातूरला नव्हती का पाण्याची गाडी आली! पण भिंतीवर नद्या काढायचं नाही सुचलं कुणाला."

"१९९४च्या 'प्रिसिला' सिनेमाचं काही चित्रीकरणही तिथेच झालंय. बायकी झगे घालून नाचणारे पुरुष बसमधून वाळवंटात निघतात, तो. सूनबाई सांगत होती, मी आपली मान डोलावली."

"ते जाऊ द्या. तुम्ही काय प्यायलात?"

"मी कॉफी. म्हटलं, बांधणाऱ्यांचा मान राखावा."

"आणि भाऊजी?"

"हळू बोला, व्हरांड्यातच बसलेत."