लेक व्ह्यू आणि लाटणं

आमच्या वेळी लेक बघायला गेलं की पोहे मिळायचे. पोहे मुलीनंच केलेत, असं तिची आई सांगायची आणि आपण विश्वास ठेवल्यासारखं करायचं. हल्ली 'लेक व्ह्यू' बघायला जाताना आधी रात्रीचे 22 हजार रुपये मोजायचे आणि सकाळचे पोहे आपले आपण करायचे. याला सेल्फ कॅटरिंग म्हणतात.

हा शब्द आमच्या घरात पुतण्यानं आणला. तो मँचेस्टरला असतो. दोन वर्षांतून एकदा मे महिन्यात येतो, आंब्याच्या पेट्या रिकाम्या करतो आणि जाताना एखादा नवा शब्द मागं ठेवून जातो. मागच्या खेपेला 'ग्लूटेन' ठेवून गेला होता. तेव्हापासून वहिनी पोळीकडं संशयानं बघतात. या खेपेला म्हणाला, "काका, हॉटेलात कोण राहतं आता? तलावाकाठी एक मस्त घर घ्यायचं. गॅस, फ्रिज, भांडी सगळं असतं. आपलं आपण करायचं आणि खायचं."

'आपलं आपण' ऐकून माझा आणि भावाचा चेहरा उजळला. आमची ही आणि वहिनी एकमेकींकडं बघत राहिल्या. त्या दोघींचं व्याकरण आमच्यापेक्षा पक्कं आहे. 'आपण' हे सर्वनाम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नेमकं कोणाच्या जागी येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पुतण्याचा दाखला इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टचा. मेंढपाळांची जुनी दगडी घरं, पाटीच्या दगडाची छपरं, खिडकीतून तळं, मागं डोंगर. तिकडची मंडळी अशी घरं आठवडाभरासाठी घेतात, येताना बाजारहाट करून येतात, रांधतात, खातात आणि निघताना भांडी घासून फडताळात लावून जातात. तिथले डोंगर किती उंच, असं मी विचारलं. त्यांचा स्कॅफेल पाइक, म्हणजे अख्ख्या इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर, 978 मीटर भरतं. आमचा लोहगड 1033 मीटर आहे. त्यांचा लेक डिस्ट्रिक्ट 2017 साली युनेस्कोच्या यादीत गेला, आमचा लोहगड जुलै 2025 मध्ये गेला. मी हे सगळं ठणकावून सांगितल्यावर पुतण्या म्हणाला, "पण तिथं शांतता असते, काका." मीटर आणि युनेस्को दोन्ही बाबतींत हरलेला माणूस शांततेवर येतो.

आणि यात नवं ते काय? नरसोबाच्या वाडीला, पंढरपूरला लोक धर्मशाळेत उतरायचे ते शिधा बांधूनच. तीन दगड मांडले की सेल्फ कॅटरिंग सुरू. लोणावळा, देवळाली, माथेरानला पारशी-गुजराती समाजांची सॅनिटोरियम होती. मुंबईची कुटुंबं महिना महिना हवापालटासाठी यायची ती वळकट्या, स्टोव्ह आणि लोणच्याच्या बरण्यांसकट. फरक एवढाच की बरणी घेऊन आल्याबद्दल कुणी स्वतःला 'ट्रॅव्हलर' म्हणवून घेत नसे. डोंगरावर राहायचा नाद लावला साहेबानं, हे खरं. महाबळेश्वर गव्हर्नर माल्कमनं वसवलं ते 1828-29च्या सुमारास, आणि माथेरानवर ठाण्याचा कलेक्टर मॅलेट चढला 1850 साली. पण साहेबामागं खानसामा, भिश्ती आणि हमाल असा तांडा असे. मॅलेटसाहेबानं वर पोचल्यावर कांदा चिरल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

असो. बुकिंग झालं. पवना धरणाच्या काठावर, तिकोना आणि तुंग या दोन किल्ल्यांच्या मधोमध, 'लेक फेसिंग व्हिला, 8 माणसं, सुसज्ज किचन'. फोटोत निळंशार पाणी कठड्याला येऊन भिडलेलं. कठड्यावर एक गोरी बाई पाठमोरी बसून पुस्तक वाचत होती. ती बहुधा स्वयंपाकाच्या पाळीत नसावी.

आदल्या रात्री आमच्या हिनं सामान काढलं. मी सांगितलं, "अगं, तिथं सगळं आहे." तिनं ऐकून घेतलं आणि मिसळणाचा डबा पिशवीत घातला. मग कणीक, तांदूळ, दोन प्रकारच्या डाळी, गोडा मसाला, चहा, साखर, तुपाची बरणी, कुकर, कुकरची जादा रिंग, विळी आणि सासूबाईंच्या वेळचं सिसवी लाटणं पोळपाटासकट. शेवटी एका स्टीलच्या डब्यात विरजण. दही विकत मिळतं, असं मी म्हणालो. "मिळतं ना. नवराही मिळतो, पण आहे तो सांभाळायचा असतो," ही म्हणाली. मी विरजणाचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसलो.

कोथरूडहून पौड, कोळवण करत तिकोना पेठेत पोचायला पन्नास-एक किलोमीटरही पडत नाहीत. म्हणजे घरचं स्वयंपाकघर उचलून पन्नास किलोमीटरवर मांडायचं आणि त्याला सुट्टी म्हणायचं. वाटेत करवंदं-जांभळांचे द्रोण घेऊन बायका बसल्या होत्या. पुतण्यानं गाडी थांबवून त्यांचे फोटो काढले. करवंदं हिनं घेतली.

व्हिला मात्र होता. म्हणजे भिंती होत्या, छप्पर होतं, पोहण्याचा हौद होता आणि हौदाच्या काठाला 'इन्फिनिटी' असं म्हणायचं होतं. सुसज्ज किचनची मोजदाद मी स्वतः केली. वाइनचे प्याले 14. चीज कापायच्या सुऱ्या 3. बर्फाची बादली 1. सांडशी नाही. कढई 1, पण कान एकच, त्यामुळं ती उचलायची म्हणजे एका कानाच्या माणसाला गुपित सांगण्याइतकं अवघड. चहाचं गाळणं नाही. शेगडी चार बर्नरची, त्यातले दोन शोभेचे. सिलिंडर हलवून बघितला तर आत गॅसची आठवण तेवढी होती.

फ्रिजवर नियम लावले होते. मांसाहारी शिजवल्यास स्वच्छतेचे जादा 1500. भांडी न घासता ठेवल्यास जादा 1000. रात्री दहानंतर संगीत बंद. शेजारच्या व्हिल्यात ते पहाटे तीनपर्यंत सुरू होतं, कारण तिथले नियम फ्रिजवर नव्हते, फ्रिजच्या मागं पडले होते. सगळ्यांत शेवटी ठळक अक्षरांत: 'हे तुमचं स्वतःचंच घर समजा.' आमच्या स्वतःच्या घरात सांडशी आहे.

संध्याकाळचा चहा पुतण्यानं करायचं ठरलं. सेल्फ कॅटरिंग कसं करतात हे तो दाखवणार होता. त्यानं बाही दुमडली, काकूला विचारलं साखर कुठाय, मग आलं कुठाय, मग लायटर कुठाय, मग दूध उतू गेलं तर काय करायचं असतं. सूनबाईंनी ओटा पुसला. आठ जणांना चहा मिळाला आणि सगळ्यांनी पुतण्याचं कौतुक केलं. त्यानंतरचा रात्रीचा स्वयंपाक दोघी जावांनी केला, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. सवयीच्या गोष्टीचं कौतुक कसलं करायचं? जेवताना भाऊ म्हणाला, "बाहेर आल्यावर भूक कशी खणखणीत लागते!" वहिनी अजून पोळ्या लाटत होत्या. भूक लागायला त्या बाहेर कुठं आल्या होत्या!

मला एक सोपा प्रश्न पडला. सेल्फ कॅटरिंगमध्ये 'कॅटरिंग' कुणाचं ते दिसत होतं. 'सेल्फ' कोण? बुकिंग माझ्या नावावर, पैसे पुतण्याच्या कार्डावरून, फोटो सूनबाईंच्या मोबाइलवर, भूक भावाची. या सगळ्यांतला एकही सेल्फ ओट्याशी उभा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बघायला गच्चीत गेलो. फोटोतलं पाणी सप्टेंबरातलं असावं. मेअखेरीस धरण खाली जातं, तसं ते गेलं होतं. कठड्यापासून पाण्यापर्यंत भेगाळलेला चिखल आणि त्यावर चरणाऱ्या म्हशी. पुतण्याला फसवल्यासारखं वाटलं. त्यानं पैसे लेकचे मोजले होते, म्हशींचे नाही.

व्हिला सांभाळायला एक मामा होते. पासष्टीच्या आसपासचे, डोक्याला टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पाणी इतकं कसं उतरलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "उतरतंय की दर वर्साला. पिंपरी-चिंचवडला ह्येच जातं." मग चिखलाच्या पलीकडं, पाण्याच्या कडेला उघडं पडलेलं एक दगडी जोतं दाखवून म्हणाले, "त्ये आमचं घर व्हतं. धरण झालं तवा मी दहा-अकरा वर्साचा. पाऊस पडला की परत बुडंल."

पवना धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालं. तेव्हा जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतक उलटलं तरी बातम्यांतून उतरलेला नाही. पाणी उतरतं, तो उतरत नाही. याच धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. डोंगरापलीकडं मुळशीत तर 1921 सालीच धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यातूनच बापटांचे सेनापती बापट झाले. सत्याग्रह हरला, धरण झालं, मुंबईला वीज गेली. आता त्या काठावरही व्हिले आहेत आणि त्यांचेही फोटो सप्टेंबरातलेच असतात.

आपल्याकडं या सगळ्याला पूर्वी जलाशय म्हणत. जलाशय म्हटलं की पाटबंधारे खातं आठवतं, बुडीत क्षेत्र आठवतं, मोबदला आठवतो. 'लेक' म्हटलं की काही आठवत नाही. एका शब्दात किती गावं बुडवता येतात, हे इंजिनिअरांपेक्षा जाहिरातवाल्यांना जास्त कळतं.

मी पुतण्याला विचारलं, "तुझ्या लेक डिस्ट्रिक्टात असं काही नाही ना?" त्यानं मोबाइल काढला आणि बराच वेळ वर बघितलं नाही. तिथं हॉझवॉटर नावाचं एक तळं आहे. 1930च्या दशकात तिथं धरण बांधून मार्डेल नावाचं गाव बुडवलं. चर्च पाडलं, पुरलेली माणसं उकरून दुसरीकडं नेऊन पुरली. पाणी कुणाला हवं होतं? मँचेस्टरला. दुष्काळात पाणी उतरलं की गावाच्या भिंती वर येतात आणि त्या बघायला गर्दी लोटते. पुतण्या त्याच पाण्याचा चहा सहा वर्षं पीत होता. "काका, हे ब्रोशरमध्ये नव्हतं," म्हणाला. ब्रोशर मामांनी लिहिलं असतं तर असतं.

दुपारी सिलिंडर संपला. ओट्यावर अर्धी भिजवलेली कणीक, एका कानाच्या कढईत कच्ची भाजी. मालकाला फोन लावला. तो गोव्यात एका रिसॉर्टवर होता, तिथं म्हणे जेवण फार छान मिळतं. शेवटी मामा म्हणाले, "आमच्या घरून आणू का? कारभारीण करती." तासाभरात पिठलं, तांदळाच्या भाकरी, लसणाची चटणी, हातानं फोडलेला कांदा आणि वर आमटी असं आलं. माणशी 200 रुपये. आमची ही पंगतीत सगळ्यांबरोबर बसून गरम जेवली. भाकरीचा पहिला तुकडा मोडताना तिनं जो सुस्कारा सोडला, तसा सुस्कारा मी तिकोन्याच्या माथ्यावर पोचलेल्या लोकांचाही ऐकलेला नाही. लग्नाला 34 वर्षं झाली. गच्चीवरून जे दिसतं त्याला व्ह्यू म्हणतात असं मी तोवर समजत होतो.

पुतण्याला मात्र वाईट वाटलं. जेवण बाहेरून आल्यामुळं ही खरी सेल्फ कॅटरिंग ट्रिप राहिली नाही, असं त्याचं म्हणणं. वहिनींनी त्याला तिसरी भाकरी वाढली. तो गप्प झाला. भाकरीत ग्लूटेन नसतं, हे त्याला त्या दिवशी वहिनींनी सांगितलं.

निघताना हिशेब झाला. 2 रात्रींचे 44 हजार, भांडी न घासल्याचे 1000, कढईचा कान तुटल्याचे 500. मी सांगितलं, तो आधीच तुटलेला होता. मालक फोनवर म्हणाला, दोन होते, फोटोत बघा. फोटोत खरंच दोन होते. फोटो सप्टेंबरातला होता.

घरी येऊन सामान लावताना हिच्या लक्षात आलं, सासूबाईंचं सिसवी लाटणं तिथंच राहिलं. मामांना फोन केला. त्यांनी ते जपून आपल्या घरी ठेवलंय आणि मामींना ते आवडलंय, पण त्यांच्याकडं भाकरी थापतात, त्यामुळं त्यांच्या काही उपयोगाचं नाही. तर वाचकांपैकी कुणी पावसाआधी पवना काठाला जाणार असेल, तर कृपा करून तेवढं लाटणं घेऊन यावं. तिकोना पेठेकडून गेलात तर पोहोचण्याच्या दोन तास आधी मामींना जेवणाचं सांगून ठेवा, आणि ज्या बाईंना बरोबर नेणार असाल त्यांना पोळपाट घरीच ठेवायला सांगा.