मला दिसतंय की!

आरे कॉलनीत नजरेला प्रतिष्ठा आहे. उरलेल्या मुंबईत माणसाला फार तर समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीपर्यंत बघावं लागतं. आरेत मात्र संध्याकाळी कुत्री एकदम गप्प झाली की गवतात काय हललं, हे सांगणारा कुणीतरी लागतो. असा एक माणूस कॉलनीच्या प्रत्येक युनिटात सापडतो: पन्नाशी ओलांडलेला, बाप डेअरीत नोकरीला होता म्हणून क्वार्टर्समध्ये वाढलेला, आणि बिनचष्म्याचा. आमच्याकडच्याला लहानथोर सगळे ‘भाऊ’ म्हणतात.

आपले डोळे ही सरकारी योजनेची कमाई आहे, असं भाऊंचं मत. १९४९ साली सरकारी दूध योजनेच्या दारा खुरोडींनी शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी इथे हलवल्या, त्यांच्यासाठी गवत लावलं आणि ते हिरवंगार भाऊंनी जन्मापासून पाहिलं. “म्हशीला कधी चष्मा लागलेला ऐकलाय?” हा त्यांचा शेवटचा मुद्दा, आणि त्यावर अजून कुणाला उत्तर सापडलेलं नाही. खुरोडींना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो दुधासाठी, हे त्यांना मान्य आहे. पण रहिवाशांच्या डोळ्यांचाही त्यात उल्लेख हवा होता, असं ते म्हणतात.

लांबचं त्यांना दिसतं, यात खोटं काही नाही. आपल्याला बस आली एवढंच कळतं तेव्हा भाऊ तिचा नंबर सांगून मोकळे. बिबट्याही त्यांनी सगळ्यांच्या आधी पाहिलेला असतो. आपण बघेपर्यंत तो गेलेला असतो, पण तो बिबट्याचा स्वभाव. भानगड सुरू होते ती हातभर अंतराच्या आत. पेपर वाचताना हात लांब होत होत एके दिवशी हातच कमी पडले. मग पेपरवाले शाई वाचवायला लागले, वीज कंपनीने बिलातली अक्षरं मुद्दाम बारीक केली, औषधवाल्यांनी तारीख चंदेरी पट्टीवर चंदेरीच छापली. (हे शेवटचं मात्र खरं आहे.) बायकोने सुई ओवायला दिली तर भाऊ ती घेऊन गॅलरीत गेले आणि “हिला भोकच नाहीये, बदलून आण,” म्हणत परत आले.

पाठांतरावर अर्धं आयुष्य निघतं, हे अशा माणसाकडे बघून कळतं. लग्नपत्रिका हातात आली की भाऊ ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून खणखणीत सुरू करतात. नावांपाशी आले की पत्रिका बायकोकडे जाते, “बघ गं, तुझ्याकडचेच दिसतायत.” गणपतीत आरतीचं पुस्तक हातात असतं, पण कुणी आडवळणाची आरती काढली की त्यांना नेमका खोकला येतो. मोबाइलची अक्षरं एवढी मोठी केलेली, की स्क्रीनवर एका वेळी तीनच शब्द मावतात आणि ते शेजारच्या सीटवरच्यालाही वाचता येतात.

उपाय चालू होतेच. त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणं, गाजर, गुलाबपाणी. पहाटे दवावर अनवाणी चालण्याचा प्रयोगही झाला. तबेल्यांच्या मुलुखात पहाटेच्या अंधारात अनवाणी पायाखाली दरवेळी दवच येईल असं नसतं, म्हणून तो थांबला. डॉक्टर मात्र नको. “एकदा चष्मा लावला की नंबर चढतच जातो. डोळे आळशी होतात.” हे सांगताना बायकोचा चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात असे.

शेवटी व्हॉट्सअ‍ॅपने घात केला. नातेवाइकांच्या ग्रुपवर मरोळकडच्या कुणीतरी लिहिलं, ‘दहावा सोमवारी. सर्वांनी यावे.’ भाऊंनी ‘दहावी’ वाचलं आणि तत्परतेने उत्तर टाकलं, ‘अभिनंदन! किती टक्के?’ खाली पेढ्याचं चित्र. पुढच्या शनिवारी वहिनींनी रिक्षा बोलावली आणि वाटेत उतरून जाऊ नयेत म्हणून भाऊंच्या दुसऱ्या बाजूला मला बसवलं.

गोरेगावातल्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “तक्रार काय आहे?”

“माझी काही नाही. हिची आहे,” भाऊ म्हणाले.

बाकावर चारपाच मंडळी डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून कीर्तनाला बसल्यासारखी बसली होती. आतल्या यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली. या यंत्रात सरळ रस्ता दिसतो आणि त्याच्या टोकाला एक रंगीत फुगा, तो धूसर होतो नि स्पष्ट होतो. आपण फुग्याकडे बघत असतो तेवढ्यात यंत्र डोळ्याचा अंदाज घेऊन मोकळं होतं. “काय दिसतंय?” असं कुणी विचारलं नव्हतं, तरी भाऊंनी सांगितलं, “फुगा आहे. रस्त्याला खड्डे नाहीत, म्हणजे मुंबई नाही.” दुसऱ्या यंत्राने डोळ्यावर हवेची फुंकर मारली तेव्हा मात्र ते स्टुलासकट मागे सरकले. त्या फुंकरीने डोळ्यातला दाब मोजतात. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, बाजूची नजर गुपचूप खात जातो; म्हणून हा दाब मोजायचा. स्टेशनबाहेर फुटपाथवर मिळणारा तयार चष्मा अक्षर मोठं करून देतो, पण हे काम तो करत नाही. माझ्या मते दवाखान्याची पायरी चढायला एवढं एकच कारण पुरे आहे, पण भाऊंना ते सांगणं म्हणजे पुन्हा रिक्षा शोधत हिंडणं.

मग तक्ता आला. डोळे तपासायचा हा उतरत्या अक्षरांचा तक्ता नेदरलँड्समधल्या स्नेलन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ साली काढला, आणि दीडशेहून जास्त वर्षं तो माणसांना तिसऱ्या-चौथ्या ओळीपाशी नमवत आलाय. भाऊ शेवटच्या ओळीपर्यंत गेले. ती संपल्यावर खाली बारीक छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं.

“काका, लांबची नजर उत्तम आहे. सिक्स बाय सिक्स.” डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. ‘काका’ त्यांना लागलं, पण सिक्स बाय सिक्सने ते भरून निघालं.

“तेवढं लेटरहेडवर लिहून द्या,” भाऊ उठत म्हणाले.

“बसा. आता हे वाचा.” तिने हातात एक कार्ड दिलं. त्यावर शेतकऱ्याची कसलीशी गोष्ट होती, प्रत्येक परिच्छेद आधीच्यापेक्षा बारीक. पहिला परिच्छेद भाऊंनी वाचला. दुसरा ओळखला. तिसऱ्यापासून गोष्ट त्यांची स्वतःची होती: शेतकऱ्याने म्हैस घेतली, ती आटली, डेअरीवाल्यांनी फॅटवरून भाव पाडला. डॉक्टरने मध्ये तोंड घातलं नाही. म्हैस विकायची वेळ आली तेव्हा फक्त म्हणाली, “पुढे?”

वहिनी हसल्या आणि प्रकरण मिटलं.

मग तिने समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग लहानपणी लवचीक असतं. जवळचं बघायचं झालं की ते फुगतं. वयाबरोबर ते कडक होत जातं आणि चाळिशीच्या पुढेमागे एवढं फुगेनासं होतं, की जवळचं अक्षर विस्कटतं. हे सगळ्यांचं होतं. चष्मा लावा, न लावा, भिंग आपल्या चालीने कडक होणारच. चष्म्याने डोळा आळशी होत नाही.

“हिरवं बघणाऱ्यांचंही होतं?”

“त्यांचंही. पण लहानपणी तुम्ही उन्हात, मोकळ्यावर खूप खेळला असाल ना? अशा मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा कमी लागतो, असं अभ्यासात दिसलंय.”

त्या संपूर्ण भेटीतलं भाऊंच्या कानात शिरलेलं हे एकमेव वाक्य.

नंबर निघाला दोन. भाऊंनी मंडईतल्या सवयीने विचारलं, “पावणेदोन नाही होणार?” नाही म्हटल्यावर, निदान एका डोळ्याचा तरी. मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब पडले, मागचा पडदा तपासून झाला, तो ठीक निघाला. परतताना दुपारच्या उन्हात सगळा आरे रस्ता त्यांना पांढराफेक दिसत होता. पिकनिक पॉइंटजवळ झाडीत काहीतरी पिवळसर हललं, माझ्या मते कुत्रं. भाऊंनी वहिनींची ओढणी डोक्यावरून घेतली होती, त्यामुळे त्यांना मत देता आलं नाही.

चष्मा आला त्या संध्याकाळपासून युनिटात कुणाची सुटका नाही. चाळीस ओलांडलेला माणूस दिसला की भाऊ त्याच्यापुढे औषधाची पट्टी धरतात, “वाच तारीख.” चाचरला की, “जाऊन ये. डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्टच सांगितलं, आरेतल्या माणसांचे डोळे इतरांपेक्षा बरे. तरी तुझं बघून घे.” चष्मा गळ्यात दोरीने लटकलेला असतो. तो फक्त वाचायचा आहे, हे विचारलं नाही तरी कळवलं जातं. घरात मात्र त्याचे परिणाम बरे नाहीत. भांड्यांच्या कडेला राहिलेली साबणाची रेघ त्यांना दिसू लागली, आणि वहिनींनी दोनदा चष्मा लपवून ठेवला.

गेल्या रविवारी कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका काढून भाऊ एकेक वाचत बसले होते. प्रत्येकीच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘कृपया आहेर आणू नये.’ आता कोणाच्या लग्नात किती पाकीट दिलं त्याची यादी करायला त्यांनी वहिनींना बसवलंय.