करवतकाठी मोजे

नागपूरकर आपल्या उन्हाळ्याची तक्रार करत नाही. तो उन्हाळा पाहुण्याला दाखवतो, झीरो माइल किंवा फुटाळा तलाव दाखवावा तसा. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, त्यात घाम किती आणि अभिमान किती हे ठरवणं कठीण. पण त्याचा खरा जीव आहे तो थंडीत. उन्हाळा जगजाहीर आहे, थंडीवर मात्र बाहेरचं कोणी विश्वासच ठेवत नाही. म्हणून २९ डिसेंबर २०१८ ची ती पहाट, पारा साडेतीन अंशांवर उतरला होता ती, आम्ही अजून जपून ठेवली आहे. दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि मुंबईची मंडळी जाकिटं-मफलरी घालून विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभी राहतात. तो फोटो पेपरात आला की आमच्या गल्लीत समाधान पसरतं. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाच्या पदरात काय पडलं आणि काय राहून गेलं, यावर इथे रात्रभर वाद घालता येईल. पण वर्षातून एकदा मुंबईकराला स्वेटर घालायला लावण्याची सोय त्यातूनच झाली, हे कोणी नाकारणार नाही.

अभिमान वेगळा आणि मोजे वेगळे. ही थंडी इतकी तुटपुंजी की आपल्यासाठी कोणी सुया हातात घ्याव्यात, असं तिचं स्वतःचंही म्हणणं नसावं. शिवाय दिवाळी उलटली की तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतातच. ही मंडळी थेट हिमालयातून उतरतात असा पुष्कळांचा समज असतो. पण त्यांतली कितीतरी आपल्याच गोंदिया जिल्ह्यातून, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीतून येतात. १९७२ पासूनची ती वसाहत. पावसाळ्यात धानाची शेती, हिवाळ्यात स्वेटर, आणि स्वेटर बहुतेक लुधियान्याचे. त्यांच्याकडे मोजे स्वस्त मिळतात, ऊबदार मिळतात आणि मुख्य म्हणजे जोडीतले दोन्ही मोजे एकाच वेळी तयार असतात. या शेवटच्या गुणाचं मोल ज्याने कधी मोजे विणले आहेत त्यालाच कळेल.

तरी मी विणायला घेतले, त्याला कारण आमच्या मोठ्या आत्या. महालातल्या जुन्या वाड्यात त्या राहतात. तिथली शहाबादी फरशी मे महिन्यात जितकी मायाळू, तितकीच पौषात कठोर. आत्या पहाटे उठतात आणि मोज्यांवरच अंगठ्याची स्लिपर चढवून अंगणात जातात. मोज्यावर स्लिपर चढवणं ही एक कला आहे. आधी पाऊल स्लिपरवर ठेवायचं, मग वाकून अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये मोज्याचं कापड बोटाने आत खुपसायचं, त्या खाचेत पट्टा सरकवायचा आणि चार पावलं तसंच फरफटत चालून तो बसू द्यायचा. वाकणं आता गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून आत्या भिंतीला धरून नुसता पाय दाबत राहतात. मोजा ताणला जातो, हट्टाने मागे येतो, पुन्हा ताणला जातो. शेवटी मोजा हरतो. संक्रांत येईपर्यंत अंगठ्याशी भोक पडलेलं असतं आणि त्यातून अंगठा जगाकडे बघत असतो. बुटात गेलेला मोजा कोणाला दिसत नाही. मग बूट घालणाऱ्या देशांनी मोज्यांवर एवढी नक्षी कुणासाठी केली, हे मला न सुटलेलं कोडं आहे. आत्यांच्या मोज्यांना मात्र स्लिपरमुळे दूधवाला, पेपरवाला, फुलवाली असे रोजचे प्रेक्षक आहेत. नक्षी करायची तर ती इथेच शोभेल.

नक्षी कोणती, हा पुढचा प्रश्न. विणकामाच्या पुस्तकांत बर्फाचे आठ पाकळ्यांचे तारे असतात, देवदार असतात, शिंगं उभारलेले रेनडियर असतात. रेनडियर महालात आणून त्याचं करायचं काय? हिमाचलातल्या लाहौलच्या बायका सुरेख रंगीत नक्षीचे मोजे विणतात. एकोणिसाव्या शतकात केलाँगला आलेल्या मोरेव्हियन मिशनऱ्यांकडून त्यांनी सुया घेतल्या, रंग स्वतःचे घातले, आणि २०२१ मध्ये त्या मोज्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ते त्यांचं. आपलं काय, असा विचार करत असताना कपाटातलं आईचं टसर दिसलं. करवतकाठी. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावकडे मागावर होतं तसं: मोतिया अंग, डाळिंबी काठ आणि काठातून अंगात घुसलेले करवतीचे दात. हे दात काढायला मागावर तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, आणि दर फेऱ्याला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून मागे वळवावा लागतो. सुयांवर त्या मानाने सोपं. आलेखाच्या कागदावर चौकोन भरले: एक, तीन, पाच, सात. झाला दात. आठ टाक्यांचा एक, म्हणजे चौसष्ट टाक्यांच्या मोज्यात बरोबर आठ दात. चार सुयांवर दोन-दोन, आणि पाचवी सुई विणायला मोकळी. मोजा वरून खाली विणत असल्यामुळे दाताचं टोक आधी येतं आणि बूड मागाहून. करवतकाठी विणणाऱ्या कोष्ट्याने हे पाहिलं असतं तर तो सौजन्याने दुसरीकडे बघत राहिला असता.

आत्यांनी मात्र सरळ माझ्याकडेच पाहिलं. "काय करून राहिली तू हे? लुगड्याचा काठ पायात?"

"आत्या, लुगड्याचा काठ असतो तरी कुठे?"

त्यांनी आपल्या घोट्याकडे नजर टाकली. "पायाशी असतो," त्या म्हणाल्या. "पायात नसतो."

पायाशी आणि पायात यांतला हा फरक, नऊवारी सावरत ज्या बाईने वाड्याचा अंधारा जिना अर्धं आयुष्य चढला-उतरला, तिलाच दिसणार. पण मग त्यांनी सूत हातात घेतलं, उजेडात धरलं आणि "डाळिंबीच घे, हे वांगी रंगाचं मळकं दिसते," असा हुकूम केला. म्हणजे परवानगी मिळाली.

सूत म्हणजे सूतच. लोकर आत्यांच्या पायाला चावते. खरं तर असल्या विणकामाला लोकर बरी. लोकर क्षमाशील असते. टाके उन्नीस-बीस झाले तरी धुतल्यावर ती फुलून सगळं पोटात घेते. कापूस काहीच विसरत नाही. तो ताणत नाही, फुलत नाही, आणि घट्ट झालेला टाका शेवटपर्यंत घट्टच ठेवतो. कापसाच्या मुलखात राहून कापसाच्या स्वभावाबद्दल कुरकुर करू नये, हेही खरं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, कारण कापूस इथे होता. त्या मिलच्या भोंग्यावर आत्यांच्या पिढीने कुकर नसलेल्या काळात वरण-भात शिजवला.

दोन रंगांच्या विणकामात गंमत आहे ती मागच्या बाजूला. एका ओळीत दोनच रंग घ्यायचे. एक उजव्या हाताच्या बोटावर, दुसरा डाव्या. ज्याची पाळी असेल तो पुढे येऊन टाका होतो, आणि ज्याची नसेल तो मागून मुकाट चालत राहतो. पाचापेक्षा जास्त टाके त्याला पुढे यायला मिळणार नसतील, तर मध्ये एकदा पुढच्या धाग्यात अडकवून घ्यायचा, नाहीतर मागे झोळ पडतो आणि मोजा घालताना नेमकं करंगळीचं नख त्यात अडकतं. हे मागचे धागे म्हणजे अधिवेशनातले सचिव. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पण ते ताठले की पुढचं सगळं कापड आकसतं आणि मोजा टाचेवरून जायला नकार देतो. मात्र ऊब असते ती त्यांच्यामुळेच, कारण मोजा आतून दुपदरी होतो.

शाळेत आम्हाला विणकामाच्या ज्या बाई होत्या, त्या नमुना समोरून पाहतच नसत. हातात घेतला की उलटा करायच्या, गाठी चाचपायच्या आणि वहीत मार्क मांडायच्या. माझी आई त्यांचीच विद्यार्थिनी. इतवारीतल्या दुकानात ती साडीची घडी मोडून आधी मागची बाजू बघायची. माझ्यासाठी आलेली स्थळंही तिने याच पद्धतीने पाहिली. दिवाणखान्यात जेमतेम टेकायची आणि "जरा पाणी घेते" म्हणत त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायची. परत आल्यावर तिच्या चेहऱ्यावरून बाबांना निकाल कळत असे. आता आई नाही. पण ओळ संपली की मी मोजा आपसूक उलटा करते आणि आतले डाळिंबी धागे सारखे पडलेत ना, हे अंगठ्याने चाचपून बघते. सारखे पडलेले असले तरी उगाच थोडा वेळ चाचपत राहते.

जगात या विणकामाला नाव मिळालं ते फेअर आइल या स्कॉटिश बेटाचं. ऑर्कनी आणि शेटलँडच्या मधोमध असलेला हा एवढासा तुकडा. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स तिथल्या नक्षीचा स्वेटर घालून सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला उतरले आणि बेटाच्या बायकांची नक्षी फॅशन झाली. हेच राजपुत्र आदल्या नोव्हेंबरात मुंबईला उतरले होते, तेव्हा हरताळ आणि दंगलीने त्यांचं स्वागत झालं. ज्या असहकारापायी हे झालं, त्यावर शिक्कामोर्तब डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसने केलं होतं. आपल्या गावाने ज्यांच्यावर बहिष्कार घातला त्यांच्याच स्वेटरची नक्षी मी शंभर वर्षांनी नागपुरात बसून विणत होते. म्हणून करवतकाठ घेतला ते बरंच झालं. आणखी एक साहेब मोज्याच्या टोकाशी भेटतात: लॉर्ड किचनेर. हिंदुस्थानचे सरसेनापती, यांच्याशी भांडून व्हाइसरॉय कर्झन १९०५ साली राजीनामा देऊन गेले. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बोटांना शिवण टोचू नये म्हणून मोज्याचं टोक बिनशिवणीचं मिटवायची युक्ती त्यांच्या नावावर सांगतात. खरंखोटं कसंही असो, त्या टाक्याला नाव त्यांचंच पडलं. ५ जून १९१६ ला त्यांची बोट बुडाली ती ऑर्कनीपाशी, फेअर आइलच्या शेजारात. एवढे मोठे सेनापती, आणि आज जगभरच्या बायका त्यांची आठवण काढतात ती पायाच्या बोटांपाशी आल्यावर.

मीही किचनेरसाहेबांपर्यंत पोचणार, तेवढ्यात आत्यांनी पाय पुढे केला. "अंगठा वेगळा कर."

हातमोज्यासारखा, म्हणजे स्लिपरचा पट्टा थेट आत जाईल. मोज्याला अंगठा, ही कल्पना मला आधी हास्यास्पद वाटली. पण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेली लाल लोकरीच्या मोज्यांची एक जोडी आहे, तिसऱ्या ते पाचव्या शतकादरम्यानची, एकाच सुईने केलेली. तिचा अंगठा वेगळा आहे. का, तर सपातांचा पट्टा त्यात बसावा म्हणून. त्याच इजिप्तमध्ये पुढे अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराला जे मोजे सुयांवर विणले गेले, तेही सापडले आहेत: निळे-पांढरे, नक्षीचे आणि सुती. बर्फ नाही, रेनडियर नाही. रणरणत्या उन्हाचा देश, कापूस आणि पायात पट्ट्याच्या सपाता. एकूण नक्षीचे मोजे हा थंड देशांचा उद्योग नव्हताच. तो आमच्यासारख्यांचा होता, मध्ये काही शतकं तिकडे गेला होता.

अंगठा केला. त्याचा परिणाम असा की साध्या मोज्याला डावं-उजवं नसतं, याला आलं. तो डाव्या पायाचा झाला आणि आता उजवा आरशातल्यासारखा उलटा विणायचा आहे. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'मध्ये एक म्हातारी दाई आहे. ती एकाच जोडसुयांवर दोन मोजे एकात एक विणते आणि पूर्ण झाल्यावर मुलांसमोर एकातून दुसरा ओढून काढते. त्या कादंबरीतल्या सगळ्या लढायांपेक्षा मला तो पराक्रम मोठा वाटतो.

आत्यांनी डावा मोजा हातात घेतला, उलटा केला, आतले धागे बघितले, सुलट करून पायात चढवला. भिंतीला हात न लावता स्लिपर घातली आणि अंगणात तुळशीपर्यंत जाऊन आल्या. एका पायात करवतकाठ, दुसरा अनवाणी.

"काठ बरा जमला," त्या म्हणाल्या. "पदर कुठाय?"

मोज्याला पदर नेमका कुठे काढावा, हे कोणा वाचकाला ठाऊक असेल तर जरूर कळवावं. उजव्या पायाचे चौसष्ट टाके सुयांवर घालून ठेवले आहेत.